केकचा गनिमी कावा

१९ जून २०२० हा ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचा छप्पन्नावा वाढदिवस. देशात कोरोनाचे निर्बंध होते. दोन वेगवेगळ्या घरांतल्या माणसांनी गप्पा मारायला म्हणून बंद खोलीत एकत्र जमू नये, असा कायदा जॉन्सन यांच्याच सरकारने केलेला होता. तरी त्या दिवशी १० डाउनिंग स्ट्रीटवर, थेट मंत्रिमंडळाच्या दालनात, मंडळी जमली. दीड वर्षाने बातमी फुटली आणि देशभर बोंब झाली. तेव्हा जॉन्सन यांच्याच पक्षाचे कॉनर बर्न्स हे मंत्री टीव्हीवर त्यांचा बचाव करायला गेले आणि म्हणाले, "ही वॉज, इन अ सेन्स, अ‍ॅम्बुश्ड विथ अ केक."

म्हणजे पंतप्रधान बिचारे कामात होते आणि केकने गनिमी कावा केला. पण वाक्य नीट पाहा, बर्न्स तेवढेही म्हणालेले नाहीत. 'बाय अ केक' म्हटले असते तर निदान केकवर तरी गुन्हा दाखल करता आला असता. ते म्हणाले 'विथ'. म्हणजे केक हे फक्त हत्यार. ज्याच्यावर हल्ला झाला तो माणूस वाक्यात आहे, हल्ला आहे, हत्यारही पंचनाम्याला हजर आहे. हल्लेखोराचा मात्र वाक्यात कुठेच पत्ता नाही. पुढे तर असेही सांगण्यात आले की केक डब्यातून बाहेर काढण्यातच आला नव्हता. (पाहा, हा रोग किती पटकन लागतो! एकाच वाक्यात दोनदा.)

ज्याला आपण शाळेत पॅसिव्ह व्हॉइस म्हणून ओळखतो आणि मराठीच्या तासाला कर्मणि प्रयोग म्हणतो, तो इंग्रजी जगात रोजच्या वापरात काय काय कामे करतो, हे बघायचे असेल तर हे जॉन्सन प्रकरण अभ्यासाला फार चांगले आहे. कारण केक हा त्यातला किरकोळ भाग. मुख्य ऐवज आहे तो ८ डिसेंबर २०२१ रोजी पार्लमेंटमध्ये खुद्द जॉन्सन यांनी काढलेल्या उद्गारांत. डाउनिंग स्ट्रीटवरच्या दुसऱ्या एका पार्टीबद्दल विचारल्यावर ते म्हणाले, पार्टी झालीच नाही आणि कोणताही नियम मोडला गेला नाही, अशी मला वारंवार खात्री देण्यात आलेली आहे. 'आय हॅव बीन रिपीटेडली अ‍ॅश्युअर्ड', आणि त्याच्या पोटात 'नो कोविड रूल्स वेअर ब्रोकन'. नियम मोडणारा कोणी नाही. आणि नियम मोडले नाहीत हे सांगणाराही कोणी नाही. ज्या घरात आपण राहतो त्या घरात पार्टी झाली की नाही, याची खात्री माणसाला दुसऱ्याकडून करून घ्यावी लागते, हाही एक विशेष.

एप्रिल २०२२ मध्ये पोलिसांनी त्या वाढदिवसाबद्दल जॉन्सन यांना दंड केला. त्यांच्याबरोबर अर्थमंत्री ऋषी सुनक यांनाही झाला. पुढे पार्लमेंटची एक समिती बसली. तिच्यात बहुसंख्य सदस्य जॉन्सन यांच्याच पक्षाचे होते. मला या समितीच्या कामाचे भारी कौतुक वाटते, कारण तिने जे केले ते आपल्याकडचा सातवीचा विद्यार्थी करतो तेच होते: पॅसिव्ह वाक्याचे अ‍ॅक्टिव्ह करा. खात्री देण्यात आली, ठीक आहे. कोणी दिली? जॉन्सन यांनी आपल्या प्रसिद्धी विभागातल्या माणसांकडे बोट दाखवले. समितीने इतर वरिष्ठ अधिकाऱ्यांकडेही विचारणा केली, तेव्हा 'आम्ही अशी खात्री दिलेली नाही' असे उत्तर आले. जून २०२३ मध्ये समितीने अहवाल दिला की जॉन्सन यांनी सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली. तोवर त्यांनी खासदारकी सोडली होती. तो अहवाल सभागृहाने ३५४ विरुद्ध ७ मतांनी मान्य केला. मतदानाची तारीख होती १९ जून. या वाढदिवसाला केक होता की नाही याची मला कोणी खात्री दिलेली नाही.

आता आपल्याला हा पॅसिव्ह कसा शिकवला गेला ते आठवा. फळ्यावर वाक्य: रामा किल्ड रावणा. त्याचे रूपांतर: रावणा वॉज किल्ड बाय रामा. दोन गुण. कर्म पुढे आणा, क्रियापदाचे तिसरे रूप लिहा, आणि कर्त्याला 'बाय' लावून वाक्याच्या शेवटी नेऊन उभा करा. 'बाय' विसरलात तर अर्धा गुण गेला. आमची अख्खी पिढी अशा समजुतीत वाढली की कर्ता हा वाक्यात कुठे ना कुठे असतोच. फक्त त्याची जागा बदलते. खरी गोष्ट उलटी आहे. इंग्रजी व्याकरणाच्या मोठ्या ग्रंथांनी प्रत्यक्ष वापरातली वाक्ये तपासून सांगितले आहे की पाचपैकी साधारण चार पॅसिव्ह वाक्यांत हा 'बाय'वाला कर्ता नसतोच. इंग्रज माणूस पॅसिव्ह वापरतो तोच मुळी कर्त्याला घरी ठेवायला. आम्ही मात्र रामाला दरवेळी आठवणीने शेवटी आणून बसवत होतो. रावणाला कोणी मारले हे लपवण्यात कोणाचाच फायदा नव्हता, हेही खरे.

हे आम्हाला शिकवणारे पुस्तक बहुतेक वेळा रेन आणि मार्टिन यांचे. यातले पी. सी. रेन हे गृहस्थ मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि कादंबऱ्याही लिहीत. त्यांची १९२४ ची 'बो जेस्ट' ही कादंबरी जगभर गाजली, तिच्यावर सिनेमे निघाले. तिच्यातला प्रसंग असा, की घरातले एक मौल्यवान नीलरत्न चोरीला जाते, आणि तीन भाऊ एकामागून एक घर सोडून परदेशी फौजेत भरती होतात. का, तर चोरीचा आळ दुसऱ्या भावावर न येता आपल्यावर यावा म्हणून. ज्या माणसाच्या गोष्टीत सगळे 'मी केले, मी केले' म्हणत रांगेत उभे राहतात, त्याच माणसाच्या व्याकरणातून अर्धा हिंदुस्थान 'इट हॅज बीन डन' म्हणायला शिकला.

गुन्हा कबूल करायचा पण गुन्हेगार द्यायचा नाही, ही कला मात्र अमेरिकेत पूर्णत्वाला गेली. तिथले राष्ट्रीय वाक्य आहे 'मिस्टेक्स वेअर मेड'. चुका झाल्या. राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी ५ डिसेंबर १८७६ रोजी काँग्रेसला पाठवलेल्या आपल्या शेवटच्या वार्षिक संदेशात, कारकिर्दीतले घोटाळे झाकता येईनासे झाल्यावर, हेच लिहिले: चुका झाल्या आहेत, सर्वांना दिसतात आणि मीही मान्य करतो. इथवर वाचून माणसाबद्दल आदर वाटतो. पण पुढे ते म्हणतात की या चुका बहुतेक करून हाताखाली नेमलेल्या माणसांच्या निवडीत झाल्या. म्हणजे चूक काय, तर चुका करणारे लोक नेमले जाणे. ग्रँट हे सेनापती होते. यादवी युद्ध जिंकलेले. तोफेसमोर न हललेला माणूस कर्तरी प्रयोगासमोर मागे सरकला.

रोनाल्ड रेगन यांच्या सरकारने इराणला चोरून शस्त्रे विकली आणि त्या पैशातून निकाराग्वातल्या बंडखोरांना मदत गेली, हे उघड झाल्यावर २७ जानेवारी १९८७ च्या भाषणात तेच वाक्य आले, फक्त चुकांना 'गंभीर' हे विशेषण लागले. दहा वर्षांनी निवडणूक निधीच्या भानगडीत बिल क्लिंटन यांनीही तेच म्हटले. एक पक्ष रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट. पण चुका दोघांच्याही आपोआप होणाऱ्या. विल्यम श्नायडर या राजकीय विश्लेषकाने शेवटी या रचनेला एक स्वतंत्र काळच देऊन टाकला: 'पास्ट एक्झॉनरेटिव्ह'. साधा भूतकाळ, अपूर्ण भूतकाळ, पूर्ण भूतकाळ, तसा हा निर्दोष भूतकाळ. विलायतेत याचा एक भविष्यकाळही आहे. प्रत्येक सरकारी चौकशीनंतर कोणी तरी गंभीर चेहऱ्याने माइकसमोर येते आणि सांगते, 'लेसन्स विल बी लर्न्ड'. धडे शिकले जातील. कोण शिकणार, शाळा कुठे आहे, परीक्षा कधी, काही विचारू नये.

राज्यकर्त्यांचे सोडा. साधा इंग्रज दिवसभरात काय बोलतो ते ऐका. त्याचा सगळ्यात लाडका पॅसिव्ह म्हणजे 'सपोज्ड टू'. बोलताना तर तो 'सपोस्टा' असाच ऐकू येतो, इतका घासून गुळगुळीत झालेला. गाडी आठ बाराला येणे सपोज्ड आहे. इथे गाडी लावणे सपोज्ड नाही. मी गोड खाणे सपोज्ड नाही (हे दुसऱ्या तुकड्याच्या वेळी). कोण सपोज करते आहे? कोणीच नाही. आकाशात कुठे तरी एक समिती असावी आणि तिने इंग्रजांच्या आयुष्याचे वेळापत्रक ठरवून दिलेले असावे, असे त्या बोलण्यावरून वाटते. मोठी मौज घरात येते. 'यू वेअर सपोज्ड टू ब्रिंग मिल्क,' असे बायको म्हणते, तेव्हा सपोज करणारी व्यक्ती कमरेवर हात ठेवून समोर उभी असते. तरी वाक्यात ती नाही. आपल्याकडे याच प्रसंगी कर्ता, कर्म, क्रियापद आणि नवऱ्याच्या मागच्या दोन पिढ्या, सगळे एका वाक्यात येतात.

'आय वॉज बॉर्न' हा तर प्रत्येक इंग्रजाच्या चरित्रातला पहिला पॅसिव्ह. जे काम दुसऱ्या कोणीतरी नऊ महिने सोसून, कळा देऊन केले, ते हा माणूस स्वतःच्या नावावर सांगतो, आणि करणारीचा उल्लेखही करत नाही. काही क्रियापदे तर पॅसिव्हमध्येच जगतात. 'ही इज रूमर्ड टू बी रिच' असे म्हणता येते. पण आजच्या इंग्रजीत 'मी त्याच्याबद्दल रूमर करतो' असे कर्तरी वाक्य करता येत नाही. अफवेला कर्ता नसतो हे भाषेनेच मान्य करून टाकले आहे. चाळीच्या नळावर हे व्याकरण फार पूर्वीपासून ठाऊक होते.

२००४ मध्ये अमेरिकेत 'द अ‍ॅप्रेंटिस' हा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला. त्यात डोनाल्ड ट्रम्प दर आठवड्याला एका उमेदवाराकडे बोट रोखून म्हणत, 'यू आर फायर्ड!' जगातल्या कुठल्याही माणसाच्या बोलण्यात 'मी' जितका येत नसेल तितका या गृहस्थांच्या बोलण्यात येतो. इमारतीवर स्वतःचे नाव, विमानावर स्वतःचे नाव. आणि नेमके हाकलायच्या क्षणी 'आय फायर यू' नाही. तू हाकलला गेला आहेस. बोट यांचे, खुर्ची यांची, कार्यक्रम यांच्या जिवावर, फक्त क्रियापदाला कर्ता नाही. हे वाक्य तिथे इतके रुळलेले आहे की यात काही वावगे आहे असे कोणाच्या मनातही येत नाही.

लंडनच्या जुन्या भिंतींवर एक पाटी असे: 'बिल स्टिकर्स विल बी प्रॉसिक्यूटेड'. भिंतीवर जाहिराती चिकटवणाऱ्यांवर खटला भरला जाईल, एवढाच तिचा अर्थ. खटला कोण भरणार ते अर्थातच सांगितलेले नाही. पण बिल हे इंग्रजीत विल्यमचे लाडके नाव, आणि स्टिकर्स हे आडनाव म्हणून खपून जाते. त्यामुळे पाटीखाली कोणी तरी खडूने लिहून जाई, 'बिल स्टिकर्स इज इनोसंट'. बिल निर्दोष आहे! नगरपालिकेने कर्ता लपवला, तर लोकांनी कर्माला जामीन मिळवून दिला.

आपल्याकडे ही इंग्रजी आली ती फाइलीतून. केंद्र सरकारचे ऑफिस मेमोरँडम आजही 'द अंडरसाइन्ड इज डायरेक्टेड टू से' अशा थाटात सुरू होते. खाली सही करणाऱ्याला असे म्हणण्याचा निदेश देण्यात आला आहे. ज्याने निदेश दिला त्यालाही कोणी तरी दिलेला असतो, आणि त्यालाही कोणी तरी. जिना चढत गेलात तर शेवटी 'सक्षम प्राधिकारी' नावाची एक बंद खोली लागते. रेल्वे स्टेशनवर गाडी पाऊण तास उशिरा असली की 'द इन्कन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड' ऐकू येते. गैरसोय झाली तीही पॅसिव्ह, खेद झाला तोही पॅसिव्ह. दोघांचेही धनी बेपत्ता, आणि खेद मात्र खोल. हे वळण मराठी सरकारी भाषेने 'कळविण्यात येते की' म्हणत कधीच आत्मसात केले, आणि तिथून ते आमच्या सोसायटीच्या फळ्यावर उतरले. 'सभासदांना कळविण्यात येते की उद्या पाणी बंद ठेवण्यात येईल.' खाली सही नाही. पंपाची चावी ज्यांच्याकडे असते ते काका तळमजल्यावरच राहतात.

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, मग हा पॅसिव्हच बंद करा. इंग्रजांनीही तसे ठरवून पाहिले. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ च्या एका प्रसिद्ध निबंधात राजकारण्यांच्या भोंगळ इंग्रजीची साले काढली आणि नियम घालून दिला: कर्तरी चालत असेल तिथे पॅसिव्ह कधीही वापरू नका. निबंध उत्तमच आहे. फक्त त्यातले 'हल्ली जमेल तिथे पॅसिव्ह वापरला जातो' या तक्रारीचे वाक्य स्वतःच पॅसिव्हमध्ये आहे. अमेरिकेत प्राध्यापक स्ट्रंक आणि लेखक ई. बी. व्हाइट यांच्या छोट्या पुस्तकाने हाच उपदेश लाखो विद्यार्थ्यांना पाजला. एडिंबरा विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी ते पुस्तक भिंगाखाली धरले, तेव्हा असे निघाले की पॅसिव्ह टाळण्यासाठी म्हणून त्यात दिलेल्या चार उदाहरणांपैकी खरा पॅसिव्ह एकाच उदाहरणात आहे. म्हणजे ज्याला पकडायचे त्याचा चेहराच पोलिसांना माहीत नव्हता.

ही ओळख पटवायला अमेरिकेतल्या एका प्राध्यापिकेने सोपी युक्ती काढली. वाक्याच्या शेवटी 'बाय झॉम्बीज' जोडून बघा. जुळले तर पॅसिव्ह. आपण 'भुतांकडून' म्हणू. नियम मोडले गेले, भुतांकडून. खात्री देण्यात आली, भुतांकडून. खेद वाटून घेण्यात आला, भुतांकडून. युक्ती झकास चालते, आणि बहुतेक वेळा खुलासाही खरा वाटतो.

माझे स्वतःचे मत विचाराल तर पॅसिव्हला उगाच झोडपले जाते. रस्त्यात खिसा कापला गेला तर कर्ता कुठून आणणार? रुग्णाला दवाखान्यात हलवण्यात आले, यात हमालाचे नाव कोणाला हवे आहे? आणि ज्याला निसटायचे आहे त्याला व्याकरण अडवू शकत नाही. रेगन यांचेच बघा. 'चुका झाल्या' वर टीका झाल्यावर ४ मार्च १९८७ रोजी ते पुन्हा टीव्हीवर आले आणि म्हणाले: ओलिसांच्या बदल्यात शस्त्रे दिली नाहीत असे मी तुम्हाला सांगितले होते, माझे हृदय अजून सांगते की ते खरे आहे, पण पुरावा सांगतो की ते खरे नाही. शुद्ध कर्तरी प्रयोग! कर्ता हृदय, दुसरा कर्ता पुरावा, दोघे एकमेकांत भांडत आहेत, आणि राष्ट्राध्यक्ष मध्ये तिऱ्हाइतासारखे उभे. याउलट राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे प्रवक्ते रॉन झीगलर. वॉटरगेटच्या बातम्या देणाऱ्या 'वॉशिंग्टन पोस्ट'ला त्यांनी महिनोन्‌महिने धुतले होते. मे १९७३ मध्ये त्यांच्याही तोंडी 'मिस्टेक्स वेअर मेड' आलेच; पण त्याच दमात त्यांनी वृत्तपत्राची आणि त्या बातम्या देणाऱ्या दोन्ही बातमीदारांची नाव घेऊन माफी मागितली. वाक्य तेच, माणूस वेगळा वागला.

तेव्हा पाठ्यपुस्तक मंडळाला आणि पेपर काढणाऱ्या समस्त गुरुजनांना माझी एक विनंती आहे. राम-रावणाचे वाक्य आता पुरे झाले. तिथला कर्ता साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्याऐवजी दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात 'मिस्टेक्स वेअर मेड' हे वाक्य द्या, त्याखाली 'चेंज द व्हॉइस' लिहा, आणि या प्रश्नाला दोनऐवजी पाच गुण ठेवा. जो विद्यार्थी 'बाय' लिहून पुढे रिकामी जागा सोडेल त्याला तीन द्यायला हरकत नाही. जो 'बाय मी' लिहील त्याला पाचच्या पाच द्या, आणि त्याने राजकारणात जाऊ नये असे त्याच्या पालकांना वेळीच कळवा. स्वतःच्या सहीने.